शेरा वाचायचा कसा?



"लेखकाने मांडणीचा पुनर्विचार करावा." "निष्कर्षाला पुरेसा आधार दिसत नाही." "भाषा तपासून घ्यावी."

घरात कुणी पीएच.डी. करत असेल किंवा एखाद्या जर्नलला शोधनिबंध पाठवत असेल, तर ही वाक्यं तुमच्या ओळखीची असतील. अशी मेल आली की घर एकदम शांत होतं. जेवताना तो विषय कुणी काढत नाही. मग आजी हळूच विचारते, "नापास केलं का गं तिला?"

नापास नाही हो आजी! पण या शेऱ्यांची भाषाच अशी असते की तसं वाटावं. आज तिच्याबद्दलच बोलू या.

मी तांबरमला राहते. मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ मध्ये शहरातून इथे आलं, तेव्हापासून हे कॉलेजचंही गाव आहे. इथे चहा पिताना शेजारच्या बाकावरून 'गाइड', 'रिव्ह्यूअर', 'करेक्शन' हे शब्द कानावर पडतातच. बोलणाऱ्यांचे चेहरे बहुतेक वेळा पडलेले असतात.

या भाषेची पहिली गंमत बघा. पत्र तुम्हाला आलेलं असतं, पण त्यात 'तुम्ही' नसतं, 'लेखकाने' असतं. समोर बसवून आपल्याबद्दल तिसऱ्याशीच बोलावं तसं वाटतं. ती रीत आहे. अनेकदा परीक्षकाला लेखकाचं नावही माहीत नसतं. तो बोलतो ते समोरच्या कागदाबद्दल, आणि हा कोरडेपणा त्यातूनच येतो.

दुसरी गंमत सौम्य शब्दांची. "याचा विचार करता येईल" असं लिहिलं असेल, तर बहुतेक वेळा ते कराच असा अर्थ असतो. उलट 'मेजर रिव्हिजन' हे शब्द भीतिदायक वाटतात, पण त्यांचा अर्थ दार उघडं आहे असा असतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, आम्ही पुन्हा वाचू. ज्यांना वाचायचंच नसतं ते एवढे मुद्दे लिहीत बसत नाहीत.

आता एक खरी गोष्ट, आमच्याच शहरातली. तांबरमहून लोकलने थेट बीच स्टेशनला उतरलात की जवळच बंदर आहे. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत महिना ३० रुपयांवर एक कारकून काम करायचा. नाव श्रीनिवास रामानुजन.

त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला होता. पण तो सहज छापला गेला नाही. संपादक एम. टी. नारायण अय्यंगार यांनी हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवलं. तक्रार अशी, की पद्धत नवी आहे, पण लिहिलंय इतकं त्रोटक की साध्या वाचकाला पायरी सापडत नाही.

मग मद्रासच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक ग्रिफिथ यांनी रामानुजनांचं काम लंडनच्या प्राध्यापक हिल यांच्याकडे पाठवलं. त्यात १ + २ + ३ + ४ अशी कधीच न संपणारी बेरीज होती आणि उत्तर होतं उणे एक भागिले बारा! हिल यांनी लिहिलं, की ही उत्तरं चुकीची आहेत, हा मुलगा अवघड विषयाच्या खड्ड्यात पडला आहे. पण पत्र तिथे संपलं नाही. कोणतं पुस्तक वाचावं, प्रकाशकाच्या शाखा कलकत्ता आणि मुंबईत आहेत, किंमत १५ शिलिंग, हेही त्यांनी कळवलं. शिवाय सल्ला दिला, की स्वच्छ लिहावं आणि अर्थ न सांगता चिन्हं वापरू नयेत.

इथे जरा थांबा. हिल बरोबर होते की चूक?

नेहमीच्या बेरजेच्या अर्थाने ते बरोबरच होते. पण रामानुजनांच्या मनात बेरजेचा वेगळाच अर्थ होता. आज गणितात त्या अर्थाला 'रामानुजन बेरीज' असं नावही आहे. फक्त तो अर्थ कागदावर नव्हता. म्हणजे कामाची किंमत ओळखण्यात हिल कमी पडले, पण 'मला हे कळत नाही, समजावून लिहा' ही त्यांची अडचण शंभर टक्के खरी होती.

मला वाटतं, शेरा वाचण्याची गुरुकिल्ली इथेच आहे. परीक्षकाचा निकाल चुकू शकतो, पण तो जिथे अडखळला ती जागा खोटी नसते.

रामानुजनांनी १६ जानेवारी १९१३ ला केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं. ८ फेब्रुवारीचं हार्डींचं उत्तर मला आदर्श शेरा वाटतं. त्यांनी सगळ्या सूत्रांचे तीन गट केले. काही आधीच माहीत असलेली किंवा त्यांतून सहज निघणारी. काही नवी आणि कुतूहल वाढवणारी. काही नवी आणि महत्त्वाची. आणि मागणी एकच, सिद्धता पाठवा. नुसतं 'वा, छान' नाही आणि नुसतं 'चूक'ही नाही. काय जुनं, काय नवं आणि पुढे काय करायचं, हे सगळं त्यात आलं. पुढे त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने रामानुजनांना महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले.

आपल्या मराठी माणसांना जवळचं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी स्वीकारला नाही. ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. त्याच वर्षी त्याचं पुस्तकही निघालं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी उघड सांगितलं, की लेखकाच्या बऱ्याच मतांशी मी सहमत नाही, पण त्याच्या विचारातला ताजेपणा मला भावला. मत पटलं नाही तरी कामाचा मान राखता येतो, तो असा.

तेव्हा घरात असा शेरा आला, तर एवढं करून बघा. पहिल्या दिवशी फक्त वाचा, उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी वहीत तीन रकाने आखा: लगेच करण्याजोगं, समजावून लिहिण्याजोगं आणि न पटलेलं. तिसऱ्या रकान्यातल्या मुद्द्यालाही शांतपणे, कारण देऊन उत्तर द्या. तसं उत्तर द्यायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि शेरा देणारे आपण असलो तर? मुलाच्या निबंधाखाली 'आणखी प्रयत्न हवा' लिहिलं, तर त्या बिचाऱ्याने नेमकं करायचं काय? त्यापेक्षा 'दुसऱ्या परिच्छेदात आजोबा अचानक कुठून आले ते मला कळलं नाही' असं सांगा. त्याला पुढचं वाक्य आपोआप सुचेल.

तुम्हाला मिळालेला, आजवर लक्षात राहिलेला शेरा कोणता? जरूर कळवा. भेटू पुढच्या वेळी!