वंशाची सनद कीं आरोग्याची नोंद?

मनुष्यामनुष्यांतील जनुकांचे भेद कोणासही पाहतां यावेत, म्हणून देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनीं इंटरनेटवर सार्वजनिक भांडारें उघडलीं आहेत. विद्या कुलपांत नसावी असें मानणाऱ्या आम्हांस हें इष्टच वाटतें. आमचा आक्षेप आहे तो या भांडारांस वंशनिर्णयाचें न्यायासन समजणाऱ्यांवर.

रायगड किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाचें उदाहरण घ्या. आपले पूर्वज अलिबागनजीक नवगांव येथें गलबत फुटून किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा आहे. धंदा तेल गाळण्याचा, पण शनिवारीं घाणा बंद. म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत या समाजांतील १८ व्यक्तींचीं जनुकें यहुदी, भारतीय व पाकिस्तानी अशा इतर ४१ गटांतील ४८६ व्यक्तींशीं ताडून पाहण्यांत आलीं. यहुदी व भारतीय हे दोन्ही वारसे भरीव असून त्यांचा संगम सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं झाला, असें त्यांत आढळलें. एवढ्यावरून परंपरा सिद्ध झाली म्हणणारे आणि ती खोटी ठरली म्हणणारे, दोघेही सारखेच चुकतात. मिश्रण केव्हां झालें हें जनुकें सांगूं शकतात. गलबत केव्हां फुटलें हें नव्हे.

शिवाय, कुळाचा निवाडा जनुकांवर सोपवावा तरी कां? इस्रायलांतील धर्मपीठानें या समाजाच्या विवाहांविषयीं शंका काढली, तेव्हां १९६४ सालीं तेथील संसदेनें ते सर्वार्थानें यहुदी असल्याचें जाहीर केलें. त्यासाठीं कोणाचें रक्त तपासावें लागलें नाहीं. पिढ्यानुपिढ्या पाळलेला शनिवार हाच आमच्या मतें पुरेसा पुरावा होय.

त्याच संशोधनांतील दुसऱ्या इशाऱ्याकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. समाज लहान आणि सोयरीक आपसांतच असली म्हणजे आईबापांत सुप्त असलेले आनुवंशिक रोग मुलांत प्रकट होण्याचा संभव वाढतो. हा इशारा जातींतच सोयरीक पाहणाऱ्या आपणां सर्वांस लागू आहे. आजारी बालकाच्या जनुकांत एखादा विरळ भेद दिसला, तर तो रोगाचें मूळ कीं त्या समाजांत सर्रास आढळणारी निरुपद्रवी गोष्ट, हें डॉक्टरानें कशावरून ठरवावें? २०१५ सालीं पूर्ण झालेल्या सुप्रसिद्ध 'सहस्र जीनोम' संग्रहांत २,५०४ व्यक्ती व २६ गट आहेत. त्यांत ह्यूस्टनचे गुजराती आहेत, इंग्लंडांतील तेलुगू आहेत. मराठी म्हणून स्वतंत्र गट नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें आपल्याच देशांतील १०,००० व्यक्तींची जनुकीय सामग्री फरीदाबादच्या केंद्रामार्फत संशोधकांस उपलब्ध झाली, हें योग्य पाऊल होय.

आमचें मागणें एवढेंच आहे: कोणता भेद किती जणांत आढळतो, हें प्रमाण सर्वांस खुलें असावें, एकेका व्यक्तीची सामग्री मात्र पहाऱ्यांत असावी. थोड्या घरांच्या समाजांत नांव गाळलें तरी माणूस ओळखूं येतो. दुखणाईत मुलाच्या उपचारासाठीं हें भांडार अवश्य उघडावें; कुळाच्या फुशारकीसाठीं किंवा दुसऱ्याचें कुळ उकरण्यासाठीं त्याचें दार कोणी ठोठावूं नये.