‘दोन मिनिटांचं काम’ आणि अख्खी रात्र

‘भावा, उद्या साहेबांचा वाढदिवस आहे. सकाळपर्यंत एक कडक बॅनर बनव. दोन मिनिटांचं तर काम!’

अहमदपुरात ज्याला फोटोशॉप किंवा काइनमास्टर येतं, त्याला असा फोन नवा नाही. लग्नाची डिजिटल पत्रिका, क्लासची जाहिरात, दुकानाचा लोगो... रात्र जागून काम होतं. मग ‘फोटो जरा मोठा कर’, ‘रंग बदल’ सुरू. आणि पैसे? ‘देतो की रे, पळून चाललो का?’ गंमत बघा, फ्लेक्स छापणाऱ्याला चौरस फुटाच्या हिशेबानं पैसे मिळतात. त्यावरचं डिझाइन मात्र फुकटात धरलं जातं.

यात थोडी चूक आपलीही आहे. ओळखीतल्या माणसाला पैसे मागायची लाज वाटते. पण कायदा आपल्याला इतकं लाजायला सांगत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्र किंवा डिझाइन तयार झालं की हक्क निर्माण होतो, नोंदणीची अट नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरतात. फोटो आणि व्हिडिओचं मात्र वेगळं आहे. कुणी पैसे देऊन ते करून घेतले आणि आधी काही ठरलं नसेल, तर हक्क त्याचा. म्हणून आधी ठरवणं महत्त्वाचं. हक्क विकला तरी ‘हे मी केलंय’ असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ नुसार आपल्याकडेच राहतो.

उशिरा मिळणाऱ्या पैशांवरही उपाय आहे. काम घेण्याआधी ‘उद्यम’ पोर्टलवर मोफत नोंदणी करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार मग पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, नाहीतर वर व्याज.

आता एआय आलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आशा भोसले यांच्या आवाजाची एआयनं नक्कल करण्याविरुद्ध त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. एवढ्या मोठ्या गायिकेलाही कोर्टाची पायरी चढावी लागली. मग गावातल्या पोरा-पोरींनी तर आधीच सावध राहायला हवं.

त्यासाठी वकील लागत नाही. लॅपटॉप उघडण्याआधी व्हॉट्सॲपवर चार ओळी टाका: किती पैसे, त्यातले आगाऊ किती, बदल किती वेळा, कामावर नाव कुणाचं. समोरच्याचं ‘ओके’ आलं की काम सुरू. उद्या वाद झालाच तर हा मेसेज पुरावा म्हणून कामी येतो.

आणि मित्रांनो, कॉलेजच्या गॅदरिंगचं पोस्टर मित्राकडून करून घेताना आपणही त्याला आधी विचारूया, ‘किती देऊ?’ सुरुवात आपल्यापासूनच व्हायला हवी.