लक्षणे शोधू नका, तारीख मोजा

असुरक्षित संबंध घडून दोन-तीन आठवडे झाले आणि अंगात कणकण आली, घसा दुखू लागला, मानेला गाठ लागली, की माणसाचे अन्नपाण्यावरचे मन उडते. मोबाईलवर एचआयव्हीच्या लक्षणांची यादी सापडते आणि ती हुबेहूब आपलीच वाटू लागते. मग दाराला कडी लावून टॉर्चच्या उजेडात आरशात जीभ पाहणे, जांघेत-काखेत गाठी चाचपणे, औषध दुकानातल्या काट्यावर रोज वजन करणे सुरू होते. लातूरच्या शिकवण्यांच्या भागात खोली करून राहणारा तरुण असो की नांदेडहून माल घेऊन हैदराबादच्या वाटेला लागलेला ट्रकचालक, ही घालमेल तो कुणाजवळ बोलत नाही. ज्याला सांगायचे त्याने आधी चारित्र्यच काढले तर, ही धास्ती आजाराच्या धास्तीपेक्षा मोठी असते.

म्हणून खरे काय ते स्पष्ट सांगायला हवे. एचआयव्हीची लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठींना सूज असा त्रास होतो आणि तो आपोआप ओसरतो. अनेकांना काहीच होत नाही. उलट डेंग्यू, चिकुनगुनिया, विषमज्वर आणि साधा फ्लूही जवळपास अशीच लक्षणे घेऊन येतात. पावसाळ्यात लातूर-नांदेड या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले दवाखाने अशाच तापाच्या रुग्णांनी भरलेले असतात. त्यातच चिंतेने भूक मरते, पोट बिघडते, झोप उडते, रात्री घाम फुटतो आणि वजनही घटते. काळजीने आलेले दुखणेच मग काळजीचा पुरावा ठरते. लक्षणे पाहून ‘आहे’ किंवा ‘नाही’ हे निष्णात डॉक्टरलाही सांगता येत नाही. ते रक्ताची चाचणीच सांगते आणि चाचणीसाठी महत्त्वाचे असते ते संबंध कोणत्या तारखेला आला हे.

पहिले ७२ तास सर्वांत मोलाचे. तेवढ्या वेळात डॉक्टर गाठले, तर जोखीम पाहून ते ‘पेप’ म्हणजे लागण रोखणारी औषधे सुरू करू शकतात. ही औषधे २८ दिवस, एकही दिवस न चुकवता घ्यायची असतात. जितकी लवकर सुरुवात तितका उपयोग जास्त. ७२ तास उलटले की ही वाट बंद होते. लक्षणांची वाट पाहत बसलेल्याच्या हातून नेमका हाच वेळ निसटतो. त्यानंतर चाचणी. शरीरात विषाणू शिरल्याबरोबर तो तपासणीत दिसत नाही, त्यामुळे आठव्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालाने निर्धास्त होणे चूक. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत बहुतेकांचे चित्र स्पष्ट होते आणि तीन महिन्यांनंतरचा निगेटिव्ह निकाल पक्का मानला जातो. पेप घेतले असेल तर या तारखा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

जोखमीचाही अंदाज असावा. जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तो औषधावर नाही असे धरले, तरी स्त्री-पुरुष संबंधात एका वेळी पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ४ आणि स्त्रीला सुमारे ८ अशी मोजली जाते. गुदमार्गे संबंधात ती बरीच जास्त असते आणि गुप्तरोगाची जखम असेल तर आणखी वाढते. एका प्रसंगाने आयुष्य संपले असे मानण्याचे कारण नाही. तपासणी टाळण्याचेही नाही.

चाचणी मोफत आहे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि दोन्ही जिल्ह्यांतली मोठी सरकारी रुग्णालये, इथे ‘आयसीटीसी’ (समुपदेशन व चाचणी केंद्र) अशी पाटी असलेली खोली असते. आत समुपदेशक असतो. तो दार लावून घेतो, काय घडले ते विचारतो, संमती घेतो, मगच रक्त घेतले जाते. पहिल्या तपासणीत संशय आला तर आणखी दोन वेगळ्या किटवर खात्री करून मगच ‘बाधित’ म्हटले जाते. निकालही बंद खोलीतच सांगितला जातो. तिथेच सिफिलिस आणि कावीळ बी-सीची तपासणी विचारून घ्यावी. एचआयव्हीच्या धास्तीत त्यांचा सगळ्यांना विसर पडतो.

अनेकजण मात्र बसस्थानकाच्या भिंतीवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिरातीवर विसंबतात आणि हजारो रुपये घालवून बसतात. त्याहून घातक म्हणजे जयंती-वाढदिवसाच्या रक्तदान शिबिरात, ‘काही असेल तर कळवतील’ या हिशेबाने केलेले रक्तदान. लागण ताजी असेल तर रक्तपेढीच्या तपासणीतही ती सुटू शकते आणि ते रक्त एखाद्या थॅलेसेमियाच्या लेकराला किंवा बाळंतिणीला चढू शकते. शंका असलेल्याने रक्त देऊ नये आणि अंतिम निकाल येईपर्यंत घरातही निरोधशिवाय संबंध ठेवू नयेत. आपल्याकडे कित्येक बायांना लागण कळते ती गरोदरपणीच्या तपासणीत, आणि ज्याने तपासणी टाळली तो नवरा बाहेर उभा असतो.

माणूस तपासणीला का बिचकतो, याचे उत्तर औसा तालुक्यातल्या हासेगावात मिळते. रवी बापटले यांनी २००७ मध्ये तिथे एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभारले. २००९ मध्ये ही मुले गावच्या शाळेत बसू लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवायचे थांबवले. दोष नसलेल्या लेकरांना आपण असे वागवले, तर चूक घडलेला मोठा माणूस कुणाच्या भरवशावर तोंड उघडणार? पण त्याच सेवालयातली मुले औषधांवर वाढली, मोठी झाली, त्यांची लग्नेही लागली. २००४ पासून देशात मोफत मिळणाऱ्या एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणाऱ्या औषधांची, ही किमया आहे. २०१७ पासून निदान झाले की लगेच औषध सुरू होते. नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका खाली राहिला, तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करणे, कुणाची बाधा उघड करणे आणि त्यावरून शाळा, नोकरी वा उपचार नाकारणे याला मनाई केली आहे.

महाविद्यालये, शिकवण्या, वसतिगृहे आणि एसटी आगारांनी आपल्या फलकावर दोन ओळी लावाव्यात: जवळच्या आयसीटीसीचा खोली क्रमांक आणि १०९७ हा मदतीचा फोन. हा फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. ज्याला शंका आहे त्याने संबंधाची तारीख आठवावी, ७२ तास उलटले नसतील तर आजच सरकारी दवाखाना गाठावा, उलटले असतील तर चाचणीचा दिवस ठरवून घ्यावा.