जादा वेतनाची वसुली

समजा, मुलगा कुवेतमध्ये मीना अब्दुल्लाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात राबतो. रत्नागिरीस त्याच्या निवृत्त शिपाई वडिलांना सरकारी कागद येतो: जादा वेतन दिले गेले, परत करा. चूक कचेरीची, भुर्दंड म्हाताऱ्याला. हा न्याय काय?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफिक मसीह खटल्यात सांगितले की तृतीय व चतुर्थ श्रेणीचे नोकर, तसेच निवृत्त झालेले वा वर्षभरात होणारे यांच्याकडून अशी वसुली करता येत नाही. पाच वर्षांहून अधिक काळ दिलेली जादा रक्कमही मागता येत नाही. मात्र २०१६ च्या जगदेव सिंग खटल्यात, परतफेडीचे हमीपत्र लिहून दिलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला ही सवलत मिळाली नाही. २०२२ साली केरळच्या एका निवृत्त शिक्षकाची वसुली रद्द झाली. त्याने फसवणूक केलेली नव्हती.

सरकारचा पैसा जनतेचा, हे आम्हांस मान्य आहे. पण विश्वासाने घेऊन संसारात खर्चलेला पगार गरिबाने कोठून आणावा? हा कायदा आपल्या बेटाचा नव्हे, तरी बोध आपलाही आहे. बंधुभगिनींनो, असा कागद आला तर घाबरून पैसे भरू नका, गप्पही बसू नका. हिशेब मागा, तारखा व आपल्या सह्या तपासा, मुदतीत लेखी हरकत घ्या.