डब्यात तीनशे माश्या, आवडती एकही नाही

फ्लाय फिशिंग शिकायला लागलेल्या माणसाची पहिली दोन वर्षं मासे पकडण्यात जात नाहीत, माश्या विकत घेण्यात जातात. माझीही गेली.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. गळावरच पिसं, केस, दोरा गुंडाळून खोटा किडा तयार करतात. त्याला फ्लाय म्हणतात, आपण माशी म्हणू. ती इतकी हलकी असते की एकटी फेकताच येत नाही. वजन दोरीला असतं, दोरी हवेत फिरवून सोडायची, माशी तिच्यामागे जाते. अशा माश्यांचे हजारो प्रकार आहेत आणि त्यांच्या याद्याही तेवढ्याच. ‘ट्राऊटसाठी या वीस हव्यातच.’ ‘बाससाठी या दहा नसतील तर घरीच बसा.’

मी पेनसिल्वेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. यादी दिसली की ती पूर्ण करायची, ही नोकरीतली सवय नदीवरही आली. दोन वर्षांत डब्यांमध्ये तीनशेच्या वर माश्या जमल्या. एक माशी दोन-तीन डॉलरला पडते. हिशेब तुम्हीच करा, मी अजून बायकोला सांगितलेला नाही. नदीवर गेलो की दहा मिनिटांत मासा लागला नाही तर माशी बदलायची, परत दहा मिनिटांनी परत बदलायची. संध्याकाळी घरी येताना कुठली माशी का चालली नाही, यातलं काही म्हणजे काही कळलेलं नसायचं.

म्हणून आता स्पष्ट म्हणतो: आवडती माशी यादीतून निवडता येत नाही. यादी वाचून जी निवडतो ती दुसऱ्याची आवडती असते. आणि गंमत अशी, की आज प्रत्येक यादीत असलेल्या माश्या ज्यांनी बनवल्या, त्यांच्यापुढे यादी नव्हती. त्यांच्यापुढे एक नदी होती आणि त्या नदीवरची एक अडचण होती. माझ्या घरापासून तासाभराच्या आतली तीन उदाहरणं देतो.

पहिलं लेटॉर्टचं. कार्लाइल गावातून जाणारा हा एक ओढा. चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी, त्यामुळे उन्हाळ्यातही थंडगार. तळाशी दाट पाणवनस्पती आणि त्यांच्या आडोशाला ब्राऊन ट्राऊट. गेल्या शतकाच्या मध्याला विन्सेंट मरिनारो आणि चार्ल्स फॉक्स हे दोघं मित्र इथे हैराण झाले होते. भर उन्हाळ्यात पाण्यावर एक किडा दिसत नाही, तरी ट्राऊट शांतपणे तोंड वर करून काहीतरी टिपतायत. मरिनारो काठावर पोटावर झोपला, डोळे पाण्याच्या पातळीला आणले आणि बघत राहिला. तेव्हा दिसलं की गवतातून पडलेल्या मुंग्या, बारके भुंगेरे आणि जॅसिड नावाचे अगदी चिमुकले किडे पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून वाहतायत. उभ्या माणसाला ते दिसणं शक्यच नव्हतं. त्यावरून त्याने जॅसिड हीच माशी बनवली आणि १९५० साली ‘अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड’ हे पुस्तक लिहिलं.

जॅसिड म्हणजे नेमकं काय, म्हणून मी फोटो शोधला आणि बाबांना पाठवला. बाबा यवतमाळकडचे, आयुष्य कापसात गेलं. दोन मिनिटांत फोन आला. “हा त तुडतुडा होय! हे पाहाले अमेरिकेत गेला काय बे तू?”

लहानपणी मी त्यांच्यामागे कापसाच्या ओळींतून फिरायचो. ते चालता चालता एखादं पान उलटं करायचे. खाली तुडतुडे असले तर तिरके तिरके पळायचे. बाबा मोजायचे, पुढच्या झाडावर जायचे, परत पान उलटायचे. फवारायचं की नाही, ते त्यावर ठरायचं. कृषी केंद्रवाला दर आठवड्याला नवीन औषध सांगायचा, ते ऐकून घ्यायचे आणि शेतात येऊन पान उलटायचे. माझे तीनशे माश्यांचे डबे म्हणजे कृषी केंद्रवाल्याने सांगितलेली सगळी औषधं आणून ठेवण्यासारखं होतं. पान मी एकदाही उलटलं नव्हतं.

मरिनारोच्या जॅसिडमधली आणखी एक गोष्ट आपल्याकडची आहे. तिच्या पाठीवर आडवं बसवलेलं ठिपक्याचं पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचं असायचं. तोच, जो आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो आपल्याकडे संरक्षित आहे. आता बाजारात मिळतं ते परदेशात पाळलेल्या पक्ष्यांचं पीस, नाहीतर नक्कल. तरी ‘अस्सल पीस नसेल तर ती खरी जॅसिड नाही’ म्हणणारे भेटतात. त्यांना विचारावंसं वाटतं, मासा वर बघतो तेव्हा त्याला काय दिसतं? उजेडाच्या पार्श्वभूमीवर एक चपटी, काळी, तांदळाच्या कणीएवढी सावली. मरिनारोला पिसाचा चपटेपणा हवा होता. माझ्या माशीवर काळ्या फोमचा तुकडा आहे आणि लेटॉर्टच्या ट्राऊटने आजवर तक्रार केलेली नाही. नदी विसरून पिसांचीच भक्ती सुरू झाली की काय होतं, तेही जगाने पाहिलंय. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांचे जतन केलेले नमुने चोरीला गेले, जुन्या धाटणीच्या सॅमन माश्यांना लागणाऱ्या पिसांसाठी.

दुसरं उदाहरण वूली बगरचं. लँकेस्टरच्या रसेल ब्लेसिंगने ती १९६७ साली बनवली. इथल्या नद्यांमध्ये दगडांखाली हेलग्रमाइट नावाची मोठी काळपट अळी असते आणि स्मॉलमाऊथ बासला ती फार आवडते. तिच्यासारखं हलणारं काहीतरी त्याला हवं होतं. आज ही माशी जगभर ट्राऊटसाठी विकली जाते, पण जन्म बाससाठीचा. कुठल्या यादीत घालायची, हा प्रश्न माशीला पडलेला नव्हता.

तिसरं क्लाउझर मिनोचं. बॉब क्लाउझर सस्क्वेहाना नदीवर लोकांना बास धरायला घेऊन जायचा. सस्क्वेहाना रुंद, उथळ, खडकाळ. बास खडकाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि जवळून पळणाऱ्या छोट्या माशावर झडप घालतो. माशी तळाजवळ न्यावी तर गळ खडकात अडकतो. १९८०च्या दशकात क्लाउझरने गळाला डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे बांधले. त्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर राहतं, खडकात कमी अडकतं. दोरी ओढली की माशी वर उसळते, सोडली की डोकं खाली करून बुडते, जखमी माशासारखी. बाकी सगळं हरणाच्या शेपटीचे थोडे केस आणि थोडी चमक.

या तिघांत नक्षीकाम कुणीच केलेलं नाही. मासा कुठे आहे, काय खातो आणि ते त्याच्यापर्यंत कसं पोहोचतं, एवढंच तिघांनी विचारलं. प्रवाहात एका जागी उभ्या असलेल्या ट्राऊटला खाणं वाहत येतं. म्हणून तिथे आकार लहान हवा आणि माशी पाण्याच्याच वेगाने, न ओढली जाता वाहायला हवी. बासला पळणारी शिकार हवी, तिथे हालचाल आणि खोली महत्त्वाची. एवढं कळलं की अर्धी यादी आपोआप गळून पडते.

यावर जाणकार म्हणतील, काही संध्याकाळी पाण्यावर एकाच जातीचे किडे निघतात आणि ट्राऊट बाकी कशाकडे बघतही नाहीत. तेव्हा नेमकी तीच माशी लागते. खरं आहे, मीही अशा संध्याकाळी हात हलवत परत आलोय. पण ती माशी नेमकी कुठली, हे यादी सांगत नाही. पाण्यावरून एक किडा ओंजळीत उचलून बघावा लागतो. आणि बघितल्यावर बहुतेक वेळा हवा असतो तो डब्यातल्याच माशीचा एक नंबर लहान आकार. नवीन नाव नको असतं.

हे फक्त पैशांचं किंवा छंदाचं भांडण असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. २००५च्या उन्हाळ्यात सस्क्वेहानात लहान बास रोग होऊन मरायला लागले. पुढेही अनेक वर्षं ते होत राहिलं. मोठ्या बासच्या अंगावर चट्टे दिसायचे. नदीच्या काही भागांत पकडलेला बास लगेच सोडून देण्याचा नियम आला. नदी आजारी आहे हे कुणाच्या लक्षात येतं? तीच जागा, तीच माशी, तोच महिना वर्षानुवर्षं बघणाऱ्याच्या. त्याला कळतं की गेल्या जूनमध्ये या खडकामागे मासा होता, आता नाही. दर दहा मिनिटांनी माशी बदलणारा म्हणतो, माशी चुकली. तो परत दुकानात जातो. मीही तेच केलं असतं.

आता माझ्या डबीत पाचच प्रकार आहेत. काळी मुंगी, तुडतुडा आणि तांब्याची तार गुंडाळलेली फेझंट टेल ट्राऊटसाठी. पिवळट हिरवी आणि पांढरी क्लाउझर बाससाठी. वूली बगर दोघांसाठी. यांची नावं लिहून घेऊ नका, ही माझ्या नद्यांची उत्तरं आहेत. तुमच्यातलं कुणी हिमाचलात तीर्थनवर परवाना काढून ट्राऊटच्या मागे गेलं, तर तिथला किडा वेगळा, पाण्याचा वेग वेगळा. दोरी बांधण्याआधी पाण्यात हात घाला, एक दगड उचला, उलटा करा आणि खाली काय चिकटलंय ते बघा. मग दगड होता तसाच ठेवून द्या.

बाबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “मंग? पान उलटल्याबिगर कसं कळन?”