देव कुठं पळत नाही

हरिहरेश्वरात राहून देवाबद्दल शंका घेणं म्हणजे कोळीवाड्यात राहून मासळी न खाणं, असं गावात मला हसून म्हणतात. म्हणोत. देव आहे की नाही, मला सांगता येत नाही. साठी उलटली तरी येत नाही. पण हल्ली शहरांतून येणारी काही शहाणी मंडळी माझं हे 'ठाऊक नाही' परस्पर आपल्या खात्यात जमा करतात, आणि अस्थी घेऊन आलेल्या माणसांकडे बघून हसतात. त्यांच्याशी माझं भांडण आहे.

घाटावरची एखादी बाई एसटीनं येते, पिशवीत नवऱ्याच्या अस्थी. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, हा इथला दर्शनाचा क्रम ती बिनचूक पाळते. त्यात तुमचं काय गेलं? "अंधश्रद्धा हो, दुसरं काय!" असं एक तरुण गृहस्थ आमच्याच ओटीवर आमचीच सोलकढी पीत म्हणाले. वर दाभोलकरांचं नावही घेतलं. म्हटलं, बाबा रे, ज्या कायद्यासाठी तो माणूस वर्षानुवर्षं झटला, आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावरच जो सरकारला सुचला, तो जादूटोणाविरोधी कायदा एकदा वाच तरी. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा यांना तो लागू नाही, असं त्यातच लिहिलंय. त्याचा रोख भोंदूवर आहे, अघोरी छळावर आहे. नवरा गेलेल्या बाईच्या नमस्कारावर नाही.

पण मान राखायचा म्हणजे तोंड शिवून बसायचं, हेही मला पटत नाही. इथली प्रदक्षिणेची वाट डोंगरावरून जाते आणि कातळातल्या अरुंद पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरते. भरतीला खालचा खडक लाटांखाली असतो. माणसं गेलीत तिथं. तरी पोराला खांद्यावर घेऊन कुणी निघतोच, "देव राखील" म्हणत. त्याला मी आडवा होतो. देव नाही, असं सांगत नाही. ते मला तरी कुठं ठाऊक? "दादा, ओहोटी लागू दे. देव कुठं पळत नाही," एवढंच म्हणतो. बहुतेक जण ऐकतात.

आणि देवळातल्या मंडळींनो, तुमच्याशीही थोडं आहेच. सभामंडपात मी हात न जोडता उभा राहिलो, तर कोपरानं ढोसू नका. बायकोची पूजा आटपेपर्यंत मी तिच्या चपला सांभाळतो. ती प्रसाद देते, मी खातो. चाळीस वर्षं झाली, तिनं कधी ढोसलं नाही.