बिघडलेले तुकडे दाखवा

आज जरा चिडूनच लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या.

माझी नात सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला शेवटच्या वर्षाला होती. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी प्रोजेक्ट म्हणून लाकडी स्पीकरची जोडी हाताने केली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या साहेबांनी ती दोन मिनिटं न्याहाळली आणि म्हणाले, "यात नवीन काय? हे तर सुतारकाम झालं!" शेजारच्या टेबलावर दिवे लुकलुकणारा, मोबाइलवर आकडे दाखवणारा एक प्रोजेक्ट होता. तो दुकानातून तयार आणलेला, बाइंडिंग केलेल्या रिपोर्टसकट, हे सगळ्या वर्गाला ठाऊक. मार्क त्यालाच जास्त पडले.

मार्कांचं दुःख नाही. (थोडं आहे. आजोबा आहे मी.) पण "सुतारकाम" हा शब्द ज्या सुरात उच्चारला गेला, तो सूर माझ्या डोक्यातून जात नाही.

तर हे सुतारकाम काय होतं ते ऐका. मी मराठी माध्यमातला बी.ए., जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला. ध्वनिशास्त्र मला कुठून येणार? नातीनेच समजावलं. दुकानात चार इंची स्पीकर मिळतो, तो नुसता टेबलावर ठेवून वाजवला तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. कारण त्याचा पडदा पुढे हवा दाबतो तेव्हा मागे तीच हवा विरळ होते. खर्जाच्या लांब लाटा कडेने वळून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून पेटी हवी. मागचा आवाज पेटीत कोंडायचा.

पेटी म्हणजे खोका नव्हे, बरं का. आतून ३२ बाय २० बाय १४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ९ लिटर हवा. तिन्ही मापं मुद्दाम वेगळी. चौकोनी ठोकळा केला तर तिन्ही दिशांना एकच सूर घुमत बसतो. साताऱ्याच्या आमच्या घराच्या माडीची जुनी सागवानी दारं पडून होती, त्यांच्या फळ्या काढल्या. पहिल्या पेटीचा गुण्या चुकला. तीन मिलिमीटरची फट राहिली आणि तबल्याच्या प्रत्येक ठेक्याला कोपऱ्यातून फुस्स फुस्स हवा येऊ लागली. ती मोडली. दुसरीचं गोल भोक मोठं झालं. तिसरी जमली. आत आजीच्या जुन्या गादीचा कापूस पिंजून भरला (आजीची परवानगी नंतर घेतली). पडदा बोटाने हलकेच दाबून सोडला की तो सावकाश वर यायला हवा, म्हणजे पेटी हवाबंद. तो तसा वर आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि तिघी पोरी ओट्यावर नाचत होत्या.

खरी गंमत पुढे आहे. फळ्या कापण्याआधी पोरी मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन आल्या होत्या. सांगलीहून मिरज म्हणजे अंगणच. तिथे तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, वर्ष-वर्ष वाळवतात, तबली पातळ करत नेतात, आणि सगळी खटपट कशासाठी, तर लाकडाने गावं म्हणून. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने नातीच्या फळीवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "हे बोलतंय, बाळा. तुला तर मुकं पाहिजे." तंबोऱ्याचं लाकूड बोललं पाहिजे आणि स्पीकरच्या पेटीने गप्प बसलं पाहिजे, नाहीतर गाणाऱ्याच्या आवाजात सागवानाचा आवाज मिसळतो. म्हणून पोरींनी आतून आडव्या पट्ट्या ठोकल्या. हे कुठल्या रिपोर्टात विकत मिळतं, सांगा बघू.

आणि मिरजेचे ते मूळ सतारमेकर कोण? शिकलगार! तलवारींना धार लावणारे. १९व्या शतकात फरीदसाहेबांनी सतारी दुरुस्त करता करता घडवायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने फोटो टाकले. त्याच जिल्ह्यात पोरींनी रंधा हातात धरला की ते "सुतारकाम"!

साताऱ्यात राहून मला याचं फारच वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात आणली, आणि पोरांना सांगितलं, कमवा आणि शिका. त्यांच्या पुतळ्याला हार घालताना आम्ही हे दरवर्षी ऐकतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलंय, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्यापाशी शिकावं. कागदावर सुतार गुरुजी झाला. परीक्षेच्या टेबलावर मात्र अजून शिवीच आहे.

कोणी म्हणेल, कारखान्यातला स्पीकर स्वस्त नि चांगला. अहो, मान्य! मीही नातीला हेच म्हणालो होतो, "एवढा उपद्व्याप कशाला? विकत आण आणि वर लाकूड चिकटव." ती म्हणाली, "आजोबा, मग मी काय शिकले?" मी गप्प बसलो.

गप्प बसायला कारणही होतं. शाळेत कार्यानुभव नावाचा विषय माझ्याकडे वीस वर्षं होता. मुलं बाजारातून खडूचा बॉक्स आणायची, वर "स्वतः तयार केले" अशी चिठ्ठी लावायची, आणि मी सही करायचो. वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, कोण बघत बसणार? फाइल नीट असली की मार्क पूर्ण. एक मुलगा मात्र स्वतः साच्यात ओतलेले वाकडेतिकडे, फळ्यावर ओरखडे काढणारे खडू घेऊन आला होता. त्याला मी दहापैकी पाच दिले. आज ती तयार प्रोजेक्टांची दुकानं जोरात चालतात, त्यांच्या पायात माझ्यासारख्यांच्या सह्या आहेत.

म्हणून परीक्षकांना माझं एकच मागणं आहे. पूर्ण झालेला प्रोजेक्ट बघू नका. बिघडलेले तुकडे मागा. चुकलेली फळी, मोठं झालेलं भोक, जळलेला सर्किटचा तुकडा टेबलावर ठेवायला सांगा आणि प्रत्येकाबद्दल विचारा, हे कशाने बिघडलं? ज्याने विकत आणलंय त्याच्याकडे दाखवायला बिघडलेलं काहीही नसणार. पाच मिनिटांत निकाल लागेल, आणि त्यासाठी ना निधी लागतो ना शासन निर्णय.

असो. स्पीकर आता साताऱ्याला आमच्या माडीवर आहेत. रोज सकाळी अब्दुल करीम खाँसाहेब लावतो. डावी पेटी एका सुराला किंचित झणझणते, कुठेतरी एक पट्टी सुटली असावी. नात दिवाळीत येऊन उघडणार आहे. तोवर हात लावू नका म्हणून फोनवर दोनदा बजावलंय.